ज्याचं त्यानं सांगावं

आमच्या कंपनीत येणारा प्रत्येक नवा साहेब पहिल्या दिवशी आधी स्वतःची केबिन बघतो. ही बाई पहिल्या दिवशी संडास बघायला गेली. एक नव्हे, सगळे. पनवेलच्या ऑफिसातले दोन झाले, मग गाडी काढायला लावून द्रोणागिरीच्या गोदामावर गेली आणि तिथलेही पाहून आली. बरोबर मी होतो, कारण एचआरमध्ये सगळ्यात नवा आणि सगळ्यात रिकामा मीच. पुरुषांच्या बाजूला तिने मला आत पाठवलं आणि बाहेरून विचारत राहिली, कडी लागते का, दिवा लागतो का, पाणी कुठल्या नळाला येतं. गोदामावर बायकांसाठी एकच होता आणि त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर पुरुष. तिने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते कुलूप तिच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलेलं होतं, आणि ती असेपर्यंत ते तिथेच होतं.

तिच्या पदाचं नाव लांबलचक होतं. डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लुजन, या तिघांची ती मॅनेजर. आमचा धंदा कंटेनरमधला माल उतरवून गोदामात ठेवायचा आणि पुढे पाठवायचा. त्यात हे तिघे कुठून आले, असं सगळ्यांना वाटायचं. खरं कारण एवढंच, की परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने करारात तशी अट घातली होती. ती स्वतः उरणच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकायची. मुलगी नेमकं काय काम करते असं आईने विचारलं, तेव्हा हिने सांगितलं होतं म्हणे, की पंगतीत कुणाच्या पानावर वाढायचं राहिलंय ते बघायचं, एवढंच काम. आई म्हणाली, मग ते तू लहानपणापासून फुकट करतेस.

मी आधी तिला मॅडम म्हणायचो. गोदामातली माणसं आगरी-कोळ्यांची, ती तिला पहिल्या आठवड्यापासून बाय म्हणायला लागली. एक दिवस तिने मलाही बजावलं, की तूही बायच म्हण, आणि बायला अहो-जाहो नसतं. मी सुकापूरच्या सोसायटीत वाढलेला, वरिष्ठ बाईंना अगं-तुगं करायला माझी जीभ वळेना. जमेपर्यंत दोन महिने मी तिला काहीच न म्हणता नुसता समोर जाऊन उभा राहायचो.

तिच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. पिवळी, एका टोकाला झिजलेली. बोलता बोलता ती टेप काढून टेबलाची उंची घ्यायची, दाराची रुंदी घ्यायची, पायरी मोजायची. कॅन्टीनच्या काउंटरवर ताट ठेवताना एक ठेंगणी बाई चवड्यांवर उभी राहते हे आम्ही रोज बघत होतो. बायने ते मोजलं आणि काउंटर चार इंच खाली आला. मग उंच माणसं कुरकुरायला लागली, तर तिने त्यांचंही माप घेतलं आणि दुसरं टोक उंच करून दिलं. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, माप घेतल्याशिवाय मत देऊ नका. मीटिंगमध्ये कुणी "बायकांना हे जमणार नाही" अशी सुरुवात केली, की ती काही न बोलता टेप टेबलावर ठेवायची. माणूस वाक्य अर्धं सोडायचा.

ती सर्वगुणसंपन्न होती असं मुळीच नाही. मेल लिहायची ती एका ओळीची, तीही वाचणाऱ्याला शिवी वाटेल अशी. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, मापं मात्र राहत. भर कॅन्टीनमध्ये "ए साडेपाच नंबर" अशी हाक मारायची आणि पॅकिंगमधली कुणीतरी वळून बघायची. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची. तिला राग आला की तिच्या बोलण्यातला ह गळायचा आणि मीटिंगमधलं शुद्ध मराठी एकदम करंजा बंदराच्या धक्क्यावर जाऊन पोचायचं. आणि तिच्या डब्यातला जवळा नको म्हटलेला तिला चालत नसे.

त्या जवळ्यावरून एकदा ऑफिसात मोठं रामायण झालं. पॅन्ट्रीत चिठ्ठी लागली, की मांसाहारी डबे इथे गरम करू नयेत. खाली सही नाही. सगळ्यांना वाटलं, बाय आता धक्क्यावरचं मराठी काढणार. तिने एक बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि प्रत्येकाने आपल्याला कुठला वास सोसत नाही ते नाव न घालता लिहून टाकावं असं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तिने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. शेपू, मुळा, लसणाची चटणी, कुणाच्या टेबलावरची अगरबत्ती, आणि अकाउंट्सच्या साहेबांचं सेंट, हे तर तीन चिठ्ठ्यांवर. वाचून झाल्यावर तिने शांतपणे आपला जवळा गरम केला. संध्याकाळपर्यंत भिंतीवरची चिठ्ठी कुणीतरी काढून टाकली होती.

तिची रीत ही अशी. कुणा एकाकडे बोट दाखवलं गेलं, की ती बोट दाखवणाऱ्याशी भांडायची नाही, सगळ्यांनाच रांगेत उभं करायची.

सेफ्टी शूजचं तसंच. गोदामात पायात लोखंडी टोकाचे बूट सक्तीचे. पण आमच्याकडे बूट यायचे ते सात नंबरपासून पुढे. पॅकिंगच्या बायका त्यात चिंध्या कोंबून दिवसभर फरफटत चालायच्या. बायने वर्तमानपत्र पसरून एकेकीचं पाऊल पेन्सिलीने गिरवून घेतलं आणि साहेब लोकांना विनंती केली, की त्यांनी फक्त एक दिवस आपल्या मापाहून दोन नंबर मोठे बूट घालून गोदामात फिरावं. जनरल मॅनेजर हौसेने तयार झाले. रॅकच्या जिन्यावर पाचव्या पायरीला त्यांचा एक बूट निसटला आणि खाली सुपरवायझरच्या खांद्यावर पडला. लहान मापाचे बूट पंधरा दिवसांत आले. पनवेलच्या मोहल्ल्यातली नसीमा पॅकिंगला होती, ती नवे बूट घालून बायच्या टेबलापर्यंत चालत आली. म्हणाली, "बाय, खुदा कसम, आठ महिने हे जूते मला चालवत होते. आता मी यांना चालवते."

तिला स्वतंत्र गाडी मंजूर होती, पण ती करंजाडेतल्या आपल्या घरून कंपनीच्या बसने यायची आणि मागच्या सीटवर बसायची. तिथे धक्के सगळ्यात जास्त बसतात आणि माणसं सगळ्यात जास्त बोलतात, असं तिचं म्हणणं. माणसं खरंच बोलायची. कुणाला फिट येते, कुणाचा नवरा नांदवत नाही, कुणी मुलाखतीत आडनाव बदलून सांगितलं होतं. ते सगळं तिच्या पोटात जायचं आणि तिथेच राहायचं. पॅकिंगमधल्या एकीला गुरुवारी लवकर का सोडतेस असं मी एकदा सहज विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "ज्याचं त्यानं सांगावं," एवढंच म्हणाली. हे तिचं दुसरं ठरलेलं वाक्य, आणि त्यापुढे तुमचं काही चालायचं नाही.

असंच एक गुपित मात्र तिने मला सांगितलं. सांगावंच लागलं, कारण टेबल फिरवायचं होतं.

रूपेश आमच्याकडे गेटवर क्लार्क होता. मूळचा उरणचाच, बोटीवर इंजिनाजवळ दहा वर्षं काढलेली, त्यात डावा कान गेलेला. आधीच्या दोन ठिकाणी कानाचं कळल्यावर त्याला काढून टाकलं होतं. म्हणून इथे तो गप्प राहिला. पुढे बसच्या मागच्या सीटवर त्याने ते बायला सांगितलं. गेटची खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती आणि ट्रेलरचे ड्रायव्हर काय बोलतात ते त्याला कळायचं नाही. बायने त्याला विचारून, त्याच्या समोर, मला सांगितलं, की टेबल असं फिरव की खिडकी उजव्या कानाला येईल. "हे तिघांतच," ती म्हणाली. मी टेबल फिरवलं. रूपेशच्या नोंदींतल्या चुका बंद झाल्या, आणि का बंद झाल्या हे कुणाला कळलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे यायला हवं. हे मी इतकी वर्षं टाळत आलोय, लिहितानाही दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

त्या परदेशी गिऱ्हाइकाची माणसं गोदाम बघायला येणार होती. जनरल मॅनेजरांना गेटवर मोठा फ्लेक्स हवा होता. "आपली विविधता, आपली ताकद" असं वर आणि खाली आठ माणसांचे फोटो. बाय आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. काम माझ्याकडे आलं. तिने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या, ज्याचा फोटो लावशील त्याला आधी विचार, आणि फोटोखाली त्याचं काम लिही, उणीव लिहू नको.

सात जणांना मी विचारलं. नसीमा तर नवीन ओढणी घेऊन फोटोला आली. आठवी चौकट रिकामी राहिली. साहेब म्हणाले, यात अपंग कुणी दिसत नाही, पाहुणे नेमकं तेच विचारतील. माझ्या डोक्यात रूपेश आला. तो त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता आणि पनवेल स्टँडजवळचा फ्लेक्सवाला दुपारच्या आत फाइल मागत होता. उद्या विचारू, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो उचलून लावला. खाली लिहिलं, "एका कानाने ऐकू येत नसतानाही जिद्दीने काम करणारे आमचे सहकारी." त्यातल्या "जिद्दीने" या शब्दाचा मला अभिमानही वाटला होता.

फ्लेक्स सकाळी लागला. रूपेश कामावर आला तेव्हा चार ड्रायव्हर त्याखाली उभे राहून त्याच्या डाव्या बाजूने त्याला मुद्दाम हळू आवाजात हाका मारत होते. तो थांबून फ्लेक्स वाचत राहिला. मी गोदामातल्या ऑफिसच्या काचेतून बघत होतो आणि बाहेर गेलो नाही.

तासाभरात सेफ्टीचे साहेब खाली आले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. म्हणाले, गेटवर ट्रेलर मागे घेतात, हॉर्न ऐकू न येणारा माणूस मी तिथे ठेवू शकत नाही, उद्या चाकाखाली आला तर उत्तर मला द्यायचंय. रूपेश कंत्राटावर होता. कंत्राटदाराला फोन गेला, की एक तारखेपासून दुसरा माणूस पाठवा. म्हणजे तिसऱ्यांदा त्याची नोकरी कानापायी जाणार होती, आणि या वेळी ती मी घालवली होती.

बाय दुसऱ्या दिवशी आली. गेटवर बसमधून उतरली, फ्लेक्स वाचला, कॅन्टीनमधून कात्री मागवली आणि स्टुलावर चढून आठवी चौकट कापून काढली. तो तुकडा घडी करून तिने रूपेशच्या हातात दिला. फ्लेक्सला चौकोनी भोक पडलं, त्यातून मागच्या वॉचमनचं डोकं दिसायला लागलं. अकरा वाजता पाहुणे आले. त्यांच्यातल्या एकीने भोकाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. बायने सांगितलं, इथे आम्ही एका माणसाला न विचारता टांगलं होतं, ती आमची चूक आहे, विसरू नये म्हणून ठेवली आहे. त्या बाईने त्या भोकाचा फोटो काढून घेतला.

पाहुणे गेल्यावर जनरल मॅनेजरांनी दार लावून विचारलं, की त्या माणसाला न विचारता लावायचं हे कुणी ठरवलं. खोलीत ते, सेफ्टीचे साहेब, बाय आणि मी, असे चौघे होतो. बाय म्हणाली, "खातं माझं. चूक माझी." साहेब तिला बरंच काही बोलले, तिच्या फाइलला नोंद लागेल असंही म्हणाले. मी मूग गिळून बसलो. माझं नुकतंच लग्न ठरलेलं, नोकरी पक्की व्हायची होती, अशी कारणं माझ्याकडे तेव्हा भरपूर होती. आज त्यातलं एकही मला पुरेसं वाटत नाही.

मग ती सेफ्टीच्या साहेबांकडे गेली, टेप न काढता. म्हणाली, तुमचं बरोबर आहे, यार्डात कान हवाच, मग सगळ्यांचे तपासू. फक्त रूपेशचा का? साहेबांना नाही म्हणता येईना. कान तपासायची गाडी आली, तिच्यात काचेची एक खोली. बायने साहेबांनाच विनंती केली, की पहिले तुम्ही जा, तुम्ही गेलात की लोक घाबरणार नाहीत. ते हसत आत गेले. तीन दिवस तपासणी चालली. प्रत्येकाचा निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. कंपनीला फक्त एवढंच कळलं, की ऐकू कमी येणारी माणसं यार्डात बरीच आहेत, पण ती कोण हे नाही. यासाठी ती जनरल मॅनेजरांशी पुन्हा भांडली. फाइलला अजून एक नोंद.

शनिवारी मीटिंग होती. रूपेशचा निर्णय त्यात व्हायचा होता. सेफ्टीचे साहेब उभे राहिले. खिशातून पाकीट काढलं. म्हणाले, मी वीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढली, माझे दोन्ही कान अधू झालेत, रूपेशचा निदान एक शाबूत आहे. नियमाने आधी मला जावं लागेल. मग खाली बसले आणि पाणी प्यायले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपलं आपण सांगितलं त्यांनी. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

गेटवर फिरते दिवे आले, मोठा आरसा आला, जमिनीवर पिवळे पट्टे आले. हॉर्नवर कुणी विसंबायचं नाही असा नियम झाला, तो सेफ्टीच्या साहेबांनीच लिहिला. रूपेश आपल्या टेबलावर राहिला.

वर्षअखेरीला बायचा करार पुढे वाढवला नाही. फाइलमधल्या नोंदी, आणि ते खातं आता एचआरमध्येच मिसळायचं ठरलं. एचआरमध्ये म्हणजे माझ्याकडे. तिचं टेबल मला मिळालं. शेवटच्या दिवशी ती माझ्या खुर्चीची उंची मोजत होती, ही तुला बुटकी होते, पाठ धरेल, असं बडबडत. मी म्हणालो, "बाय, तो फ्लेक्स."

तिने टेप गुंडाळली. "मला नको सांगू. मला म्हाईत हाय. ज्याला सांगायचं त्याला सांग."

कुलूप तिने पर्समध्ये टाकलं आणि बसच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. आता ती आणखी कुठल्या तरी कंपन्यांचे संडास मोजत फिरते. मधूनच तिचा एका ओळीचा मेसेज येतो. "खुर्ची बदललीस का." मला ती फार आवडायची. आहे ती, करंजाडेत, पंचवीस मिनिटांवर, पण माझी पावलं तिकडे वळत नसत. त्याचं कारण तिलाही माहीत होतं.

यंदा पुन्हा पाहुणे यायचे ठरले. पुन्हा फ्लेक्स. या वेळी मी परवानगीचा कागद छापून घेतला आणि एकेकाला भेटत गेलो. शेवटी रूपेश. दुपारची सुट्टी होती, तो गेटबाहेरच्या टपरीच्या बाकड्यावर चहा पीत होता. मी शेजारी बसलो. या तीन वर्षांत आम्ही त्या बाकड्यावर कितीतरी वेळा चहा प्यायलो असू, क्रिकेटवर आणि त्याच्या मुलीच्या शाळेवर बोललो असू. मी कागद पुढे केला, तुझा फोटो लावू का म्हणून विचारलं, आणि पुढचं आपोआप तोंडातून आलं. मागचा फ्लेक्स मी केला होता, बायने नाही. तुला न विचारता मीच लावला.

समोरून ट्रेलर जात होता. रूपेशने चहाचा घोट घेतला. त्याला ऐकू गेलं नसेल अशी एक घाणेरडी आशा मला वाटली.

"फ्लेक्सवाला माझा मावसभाव हाय," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी मी तुजं डोकं फोडाया निंगालेलो. बायनी गेटवर आडवलं. बोलली, त्याचं त्याला सांगू दे, तवर तू इचारू नको. मी तिला शब्द दिला."

"तीन वर्षं?" मी विचारलं.

"तूच लावलीस तीन वर्षं. मी काय करू."

तो उठला. मला वाटलं, निघाला. पण तो बाकड्याला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला आला आणि उजवा कान माझ्याकडे येईल असा टेकून बसला.

"आता परत सांग," तो म्हणाला. "मगाशी त्या कानाला सांगितलंस. मी व्हट बघून समजलो. मला आयकायचं हाय."

मी परत सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून, आठव्या चौकटीसकट.